जावईबापूंचा हात

१

गल्लीतले लोक वन्संना पावसाबद्दल विचारत.

“आज छत्री घेऊ का हो?”

“गाद्या उन्हात टाकू, की येईल?”

वन्सं आकाशाकडे एकवार बघून काहीतरी ठोकून देत आणि दहापैकी सहा वेळा ते खरं ठरे. खऱ्या हवामान खात्याला एवढंही जमत नाही, असं त्यांच्या यजमानांचं मत होतं. वन्सं हवामान खात्यात आहेत, अशी गल्लीची, नातेवाइकांची आणि त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलीचीही समजूत होती. यजमानांना एवढंच माहीत होतं की खातं हवामानाचं नाही. मग कशाचं, हे त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा विचारलं, उत्तर मिळालं नाही, आणि ते आपल्या रंगपेटीकडे वळले. ते शाळेत चित्रकला शिकवत.

वन्सं हे नाव अर्थात ऑफिसातलं. एका सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक लांबलचक हॉल होता. चाळीस टेबलं, प्रत्येक टेबलावर एक रेडिओ, एक टेप आणि हेडफोन लावून बसलेलं एक माणूस. शेजारच्या देशाचं सैन्य बिनतारी यंत्रावरून दिवसभर जी टिकटिक करी, ती ऐकायची आणि कागदावर उतरवायची. टिकटिक असे पाच-पाच आकड्यांची. तिचा अर्थ हॉलमध्ये कुणालाच कळत नसे. अर्थ लावणारी मंडळी पाचव्या मजल्यावर बसत, आणि त्यांनाही तो फारसा लागत नसावा, असं लिफ्टमधल्या त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटे.

हॉलचं काम वेगळंच होतं. कोण बोललं, किती वाजता, किती वेळ, आणि मुख्य म्हणजे हात कुणाचा. अक्षरावरून माणूस ओळखावा तसा टिकटिकीवरून ती पाठवणारा ओळखता येतो. एखादा ठिपके कोंबतो, एखादा रेघ लांबवतो. जितके हात तितकी ठाणी, आणि ठाण्यांवरून पलटणी. शेजाऱ्याकडे फौज किती आणि ती कुठे उभी आहे, हा अंदाज या चाळीस जोडी कानांवर चाले.

खरी नावं ठाऊक नसल्यामुळे हॉलने हातांना आपली नावं ठेवली होती. एकजण मध्येच एक ठिपका जास्त देई, तो उचकी. एक अगदी संथ, शिक्के मारल्यासारखा, तो पोस्टमास्तर. आणि अकरा वर्षं वन्संच्या वाट्याला आलेला, रणगाड्यांच्या ब्रिगेडचा हात म्हणजे जावईबापू. त्यांची वेळ रोज सकाळी दहा-वीसची, पण दहा-बावीसच्या आत त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. उघडलं तरी रुसल्यासारखं: दोन गट, मग थांबणं, मग कुणीतरी मनधरणी केल्यासारखं एकदम भरभर.

वन्संना वन्सं म्हणत, कारण हॉलमधली कुणाचीही चूक त्यांच्या कानातून सुटत नसे. त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान असलेले विभागप्रमुख साहेबही त्यांना वन्संच म्हणत, आणि जरा वचकून म्हणत.

या हॉलचा एक जुना नियम होता: ऐकताना मोकळा हात मांडीवर ठेवायचा. टेबलावर बोटं वाजवायची नाहीत. का, ते कुणी सांगत नसे, शिस्त म्हणून. वन्संचा डावा हात मात्र अकरा वर्षं टेबलावरच होता. गाणं ऐकताना माणूस ठेका धरतो, तशा त्या अंगठीने टेबलाच्या कडेवर जावईबापूंबरोबर हलकेच ठेका धरत. त्यांना कोण बोलणार? वन्संची चूक काढायला वन्संना वन्सं नव्हती.

त्या महिन्यात त्यांची रजा मंजूर झाली. सहा वर्षांनी पहिली, सलग दहा दिवस, समुद्रावर. यजमानांनी त्याच संध्याकाळी गवताची एक टोपी आणली. टोपी इतकी मोठी होती की ती घालून त्यांना दारातून तिरकं जावं लागे.

२

दहा दिवस वन्संच्या खुर्चीवर बसायला एक नवी मुलगी आली. तेवीस-चोवीस वर्षांची, बडबडी, नुकतीच प्रशिक्षण संपवून आलेली. वन्संच्या हाताखाली म्हटल्यावर तिचं नाव सूनबाई पडायला पंधरा मिनिटं पुरली.

पहिल्या आठवड्यात तिने जुन्या टेप ऐकायच्या होत्या. टेपला दोन पट्ट्या असत. एका पट्टीवर रेडिओतला आवाज, तो उजव्या कानात. दुसऱ्या पट्टीवर टेबलावरच्या छोट्या माईकमधून ऐकणाऱ्याचे शेरे, ‘आवाज पडला’, ‘नवा हात’ असे. ते डाव्या कानात. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सूनबाईने हेडफोन गळ्यात उतरवला.

“वन्सं, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“ते विचारण्यावर आहे.”

“तुम्ही टेबलावर बोटं वाजवता.”

आसपासच्या चार टेबलांवरच्या पेन्सिली थांबल्या. उचकी ऐकणारे काका निवृत्तीला आले होते. त्यांनी या सोहळ्यासाठी एक कान मोकळा केला.

“वाजवत असेन,” वन्सं म्हणाल्या. “मग?”

“नाही, वाजवा की. माझं म्हणणं एवढंच, की तुमचं आधी येतं.”

“कशाच्या आधी?”

“जावईबापूंच्या.”

सगळे हसले. “अगं, अकरा वर्षांचा संसार आहे,” काका म्हणाले. “नवरा तोंड उघडायच्या आत बायकोला कळतं तो काय बोलणार. आमच्या घरी तर मला तोंड उघडावंच लागत नाही.”

वन्संही हसल्या. पण पाचला सगळे उठले तेव्हा त्यांनी तो हेडफोन आपल्या कानांना लावला.

डाव्या कानात अंगठी: टक. मग उजव्या कानात ठिपका. टक, मग ठिपका. टक-टक, मग दोन ठिपके. अंतर पापणी लवेल इतकंच, पण प्रत्येक वेळी अगदी तेवढंच. त्यांनी मागच्या वर्षीची टेप लावली. त्याच्या मागच्या वर्षीची लावली. अंतर तेच.

पाठ झालेलं गाणं असतं तर गोष्ट वेगळी होती. तोंड चालीच्या पुढे धावतंच. पण पाच आकड्यांचा गट म्हणजे गाणं नव्हे. पुढचा आकडा चार की नऊ, हे पाठवणाऱ्याच्या समोरच्या कागदालाच ठाऊक.

३

दुसऱ्या दिवशी त्या टेप घेऊन तळमजल्यावर मिस्त्रींकडे गेल्या. हॉलमधली सगळी यंत्रं मिस्त्रींच्या हातची. त्यांचा स्वभाव असा की यंत्राला नाव ठेवलं की तो त्यांच्या खानदानाचा अपमान.

“एक पट्टी पुढे-मागे धावत असेल का हो?”

“वन्सं, माझ्यावर संशय घ्यायला घरी बायको आहे. तुम्ही कशाला त्रास घेता?”

तरीही त्यांनी चमचा उचलला, दोन्ही माईक शेजारी ठेवले आणि मधोमध एकदा टण्ण केलं. टेप मागे फिरवून ऐकवली. दोन्ही कानांत एकच टण्ण, केसाचंही अंतर नाही. त्यांनी दहा वेळा केलं. दहाव्यांदा ते स्वतःच कौतुकाने मान हलवत होते.

“यंत्र सोन्यासारखं आहे,” ते म्हणाले. “तुमची अंगठीच पुढे धावतेय. आवरा तिला जरा.”

जिना चढताना वन्संनी स्वतःची समजूत घातली. जावईबापू एखादा आकडा पाठवण्याआधी क्षणभर अडखळत असतील, त्या अडखळण्यावरून आपल्याला कळत असेल. कानाला कळतं, डोक्याला कळत नाही, असं असतं. आई नाही का मुलाच्या पावलावरून ओळखत, शाळेत काय झालंय ते? एवढा विचार तिसऱ्या मजल्यापर्यंत पुरला. हॉलच्या दाराशी तो संपला.

मग करून बघावं, असं त्यांनी ठरवलं. हात मांडीवर ठेवायचा. एवढं सोपं.

४

दहा-वीस झाले. वन्संचा डावा हात मांडीवर होता. कानात रेडिओची नुसती खरखर, दूर कुठेतरी तांदूळ पाखडल्यासारखी.

दहा-बावीस. दहा-पंचवीस.

“रुसले वाटतं,” सूनबाई म्हणाली.

दहा-तीस. काकांनी विचारलं, “काय, मानपान राहिला की काय?” पाऊण हॉल हसला. दहा-चाळीसला कुणी हसलं नाही.

कारण या हॉलमध्ये बोलण्याची भीती कुणालाच नव्हती. शेजारी बोलतोय तोवर तो जागेवर आहे. भीती गप्प बसण्याची. फौज हलायच्या आधी तिचा रेडिओ बंद होतो. म्हणून ठरलेल्या वेळेनंतर चाळीस मिनिटं ठाणं गप्प राहिलं, की विभागप्रमुखांच्या खणातला लाल कागद भरून पाचव्या मजल्यावर जाई. तिथून पुढे तासाभरात सीमेवरच्या ट्रकची इंजिनं सुरू होत. समोरचे ती ऐकत आणि आपली सुरू करत. नऊ वर्षांपूर्वी एकदा असा कागद गेला होता. समोरच्या ठाण्याचा नुसता जनरेटर बिघडला होता. ते कळेपर्यंत दोन्हीकडची मिळून एकोणीस मुलं गेली होती.

दहा-छपन्नला साहेबांच्या खणाची कुरकुर ऐकू आली. ते कागद घेऊन टेबलाशी आले.

“वन्सं, काय करायचं?”

त्यांच्या आवाजात नेहमीचं बिचकणं नव्हतं की घाई नव्हती. घड्याळाकडे मात्र ते बघत नव्हते, मुद्दाम बघत नव्हते.

“दोन मिनिटं,” वन्सं म्हणाल्या, आणि त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला. फक्त ठेवला. वाजवायचं असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. तरी अंगठी कडेवर वाजली, आणि पापणी लवण्याच्या आत कानात ठिपका आला.

“आले!” सूनबाईने टाळी वाजवली. साहेबांनी कागदाची चारदा घडी घालून तो खिशात टाकला आणि सगळ्या हॉलसाठी चहा मागवला. त्या चहाला एखाद्या बारशाचा आनंद होता. वन्सं पेन्सिलीने आकडे उतरवत होत्या. डाव्या हाताकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

५

योगायोग एकदा होतो. म्हणून चार दिवसांनी त्यांनी पुन्हा करून बघितलं, यावेळी लांब जाऊन. सूनबाईला खुर्चीवर बसवलं, हात मांडीवर ठेवायला लावले आणि आपण तळमजल्यावरच्या कँटीनमध्ये गेल्या.

“मी चहा घेऊन येते. दहा-पंचावन्नला येतेच.”

“पस्तीस मिनिटांचा चहा? मला पण आणा.”

कँटीनचं घड्याळ बरोबर चाले, कारण ते वन्संच बरोबर करून घेत. त्यांनी दोन्ही हात एकमेकांत गुंफले. दहा-वीस. दहा-पस्तीस. वर सगळं सुरळीत चालू असेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. खिडकीतून ऊन येत होतं, शेजारच्या टेबलावर हिशेबनीस बायका एका साडीच्या रंगावर वाद घालत होत्या: एक म्हणे मोरपंखी, एक म्हणे शेवाळी. अशा जगात काही भलतंसलतं असणं शक्यच नव्हतं. वन्संचं मत मोरपंखीकडे होतं.

चहा आला. घोट घेतला तर अगोड. कँटीनवाले मामा पाठमोरे, रेडिओवर गाणी ऐकत उभे. वन्संनी हात सोडवला आणि चमच्याने पेल्यावर तीनदा वाजवलं.

“मामा, साखर विसरलात.”

दहा-एकावन्न.

त्या वर पोचल्या तेव्हा दहा-त्रेपन्न झाले होते. साहेब खणाशी उभे होते. सूनबाईने वाकून कागद दाखवला. शाळेतल्या शहाण्या मुलीसारखं तिचं अक्षर होतं. ‘१०:५१. तीन ठिपके. हात ओळखीचा. पुढे शांत.’

“शिंकल्यासारखे तीनच दिले,” ती म्हणाली. “आणि मग बघा, काही नाही. साहेब म्हणतात तीन ठिपके म्हणजे बोलणं नव्हे. तुम्ही जरा बसता का, वन्सं? तुम्ही बसलात की ते बोलतात.”

हे ती सहज, हसत म्हणाली. वन्सं बसल्या. हात टेबलावर ठेवला.

६

साहेबांना त्यांनी अर्धंच सांगितलं. आपले कान पूर्वीसारखे राहिलेत की नाही, शंका येते, एवढंच.

साहेबांनी त्यांना लगेच दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी अर्धा तास बारीक-बारीक सूर ऐकवले आणि शेवटी म्हणाल्या, “तुमच्या वयात असे कान मी बघितले नाहीत. शेजारच्या खोलीत माझी मदतनीस काय बोलतेय, ते सांगता का? माझ्याबद्दलच असणार.”

“तुमच्याबद्दल नाही,” वन्सं म्हणाल्या. “तिच्या सासूबद्दल.”

म्हणजे कान ठीक, टेप ठीक. उरला हात. हात तपासायला कुणाकडे जायचं? आणि सगळं सांगितलं तर काय होणार, हे त्यांना दिसत होतं. बिचाऱ्या थकल्यात म्हणून त्यांना खुर्चीवरून उठवतील, रजा आजारपणाची करतील, सक्तीने घरी बसवतील. मग दहा-वीसला टेबलावर हात कोण ठेवणार? आणि हे सगळं खोटं असेल तर हसं होईल, ते निराळं.

दोन रात्री त्यांनी सगळ्या बाजूंनी विचार केला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटताना त्यांना एकदम सुचलं. कँटीन तीन मजले खाली होतं. तिथून पेल्यावर वाजवलेलं पोचलं, तर समुद्रावरून का पोचणार नाही? अंतराचा प्रश्नच नव्हता. रजा रद्द करायची गरज नव्हती. सकाळी अर्धा तास कुठल्याही टेबलाशी बसायचं, की झालं. लोक सुट्टीत योगासनं करतात, आपण हे करायचं.

त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी गल्लीत छत्रीचं विचारणाऱ्या सगळ्यांना त्यांनी कडक ऊन सांगितलं. संध्याकाळी सगळे भिजून आले.

७

समुद्र छान होता. हॉटेल जुनं पण स्वच्छ, न्याहारी अकरापर्यंत, आणि गच्चीवरच्या टेबलावरून सगळी चौपाटी दिसे. यजमानांची टोपी बघून पहिल्याच दिवशी तीन लहान मुलं त्यांच्या मागे लागली.

दहा-बावीसला वन्संची अंगठी बशीच्या कडेवर वाजू लागे. कानात काही नसे, नुसत्या लाटा. अर्ध्या तासाने बोट आपोआप थांबे आणि वन्सं चहा गार झाला म्हणून नवा मागवत. ऑफिसातून फोन आला नाही, म्हणजे तिकडे सगळं ठीक होतं.

“काय गं, गाणं आठवतंय का?” यजमानांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

“हो. जुनं आहे.”

“चाल विचित्र आहे, पण डोक्यात बसते,” असं म्हणून त्यांनीही चमच्याने पेल्यावर ठेका धरला.

“अहो, नको.” वन्संनी त्यांचा चमचा धरला. जरा जोरातच धरला. शेजारच्या टेबलावरचं म्हातारं जोडपं वळून पाहू लागलं.

“राहिलं,” यजमान हसून म्हणाले. “हवामान खात्याचं गाणं दिसतंय. गुप्त.”

“मला तर पाठच झालंय,” मुलगी म्हणाली. पुस्तकातून तिने मान वर केली नव्हती.

चौथ्या दिवशी समुद्र इतका शहाण्यासारखा वागत होता की मुलीने आईला न्याहारीआधीच ओढत पाण्यात नेलं. गार पाण्यात अंगठी सैल होते म्हणून वन्संनी ती यजमानांकडे दिली, त्यांनी करंगळीत घातली आणि ते छत्रीखाली आडवे झाले. मग लाटा सुरू झाल्या. मुलगी ओरडत होती, वन्संही ओरडत होत्या. नाकातोंडात पाणी गेलं, वेणी सुटली. इतकं हसू त्यांना मुलगी लहान असतानाही आलं नव्हतं. दमून मुलगी वाळूवर गेली आणि वन्सं पाण्यात तरंगत राहिल्या.

बाहेर येऊन त्यांनी यजमानांच्या मनगटावरचं घड्याळ वाकून पाहिलं. दहा-पंचावन्न.

ओल्या कपड्यांनी त्या हॉटेलपर्यंत धावल्या. काउंटरवरच्या माणसाने त्यांचा चेहरा बघून काही न विचारता फोन पुढे सरकवला. फोनवर कामाचं बोलायचं नसतं, म्हणून हॉलमध्ये सगळे हवामानाचंच बोलत.

“हॅलो, मी बोलतेय. तिकडे पाऊस पडला का गं?”

“पडला की,” सूनबाई म्हणाली. “अगदी दहा-वीसच्या ठोक्याला.”

“ठोक्याला?”

“हो ना, पहिल्यांदाच वेळेवर. आणि अजून चालूच आहे, थांबायचं नाव नाही. साहेब म्हणतात, वन्सं घरी नाहीत तर पाऊस किती गुणी झालाय.”

“नेहमीचाच आहे ना? नक्की?”

“डोळे मिटून ओळखीन. काय तुम्ही, सुट्टीतही पाऊसच?”

“तुझे हात कुठे आहेत?”

“मांडीवर. देवाशप्पथ.”

वन्संनी फोन ठेवला आणि काउंटरला टेकून उभ्या राहिल्या. डोक्यावरचं पोतं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं झालं होतं. म्हणजे आपला काही संबंधच नव्हता. तो बोलायचा, आपण ऐकायचो. तीन ठिपके तीन ठिपके होते आणि चमचा चमचा होता. आता परत गेलं की हात मांडीवर, नियम म्हणजे नियम. त्या स्वतःशीच मोठ्याने हसल्या, तेव्हा काउंटरवरचा माणूसही बरं वाटून हसला.

येताना त्यांनी तीन आइस्क्रीम घेतली.

८

यजमान छत्रीखाली झोपले होते. टोपी तोंडावर, श्वास संथ. एक हात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर होता आणि करंगळीतली अंगठी डब्यावर वाजत होती.

टक. टक-टक. टक.

झोपेत हात हलतो, वन्संना वाटलं. ठेका डोक्यात बसलाय, ते स्वतःच म्हणाले होते. दोन गट झाले. मग हात थांबला. मग मनधरणी केल्यासारखा एकदम भरभर.

वन्सं आइस्क्रीम धरून उभ्या राहिल्या. डाव्या बाजूच्या छत्रीखाली न्याहारीच्या वेळचे म्हातारे गृहस्थ बायकोशी गप्पा मारत होते, आणि त्यांचं बोट काठीच्या मुठीवर वाजत होतं. पलीकडे एक बाई बाबागाडीच्या दांड्यावर नखाने. एक चिमुरडी फावड्याने बादलीवर. आइस्क्रीमवाला गिऱ्हाइकाशी हसत बोलत होता आणि चमचा गाडीच्या कडेवर. आवाज असा काही नव्हता, लाटांखाली दबून जाई. लोक खात होते, पत्ते खेळत होते, मुलांना हाका मारत होते. प्रत्येकाचा एक हात तेवढा वेगळा होता, कुणीतरी घटकाभर मागून घेतल्यासारखा. ऊन स्वच्छ पडलं होतं.

वन्सं सवयीने मोजू लागल्या. एकतीस. बत्तीस. चौपाटी जिथे वळत होती तिथे त्या पन्नासवर पोचल्या, आणि तिथून पुढे दिसत नव्हतं. सगळे हात एकाच वेळी वाजत होते आणि ते सगळे त्यांच्या ओळखीचे होते, कुठे उचकी, कुठे पोस्टमास्तर.

त्यांनी आइस्क्रीम डब्याशेजारी ठेवली, गुडघ्यांवर बसल्या आणि यजमानांचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

बोट थांबलं.

काठीवरचं बोट थांबलं. फावडं थांबलं. बोलणी चालूच राहिली, म्हातारे गृहस्थ पुढचं वाक्य बोलले आणि त्यांची बायको हसली. पण तिथपर्यंत, वळणापर्यंत, हात तसेच अधांतरी राहिले. आता तिकडे सूनबाईची पेन्सिल थांबली असणार. तिने घड्याळाकडे पाहिलं असणार, अकरा-दहा. चाळीस मिनिटं. मग साहेबांच्या खणाची कुरकुर.

पंजाखाली यजमानांचं बोट ओढ घेत नव्हतं. ते नुसतं तयार होतं.

“आई, बाबांचा हात सोड ना.”

मुलगी पालथी पडली होती, एक कान वाळूला लावून. डोळे मिटलेले, ओठांवर हसू.

“का गं?”

“मध्येच तुटलं. इतकं छान चाललं होतं.”

“काय चाललं होतं?”

मुलीने मान वळवली आणि दुसरा कान वाळूला लावला. “शू,” ती म्हणाली. “वाट बघतायत.”

वन्संनी धरून ठेवलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. त्यांना ती एकोणीस मुलं आठवली. ट्रकची इंजिनं आठवली, जी त्यांनी कधी ऐकली नव्हती. वीस मिनिटं झाली. यजमान झोपेतच म्हणाले, “अगं, टोपी उडेल,” आणि पुन्हा घोरू लागले. तिसाव्या मिनिटाला वन्संनी एक बोट उचललं. मग दुसरं. मग पूर्ण हात काढून घेतला आणि तो आपल्या मांडीवर ठेवला.

अंगठी डब्यावर वाजली. मग सगळीकडे, वळणाच्याही पलीकडे.

आइस्क्रीम वितळून ओघळत होतं. वन्संनी त्यातलं एक उचललं, हातरुमालाने खालून पुसलं आणि मुलीपुढे धरलं.

“घे, पाणी होतंय.”

मुलीने ते डाव्या हाताने घेतलं. उजवा कामात होता.